काळी व्यक्तिमत्त्वगुणत्रयी आणि तिचे नातेसंबंधांवरील परिणाम : सुपा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : आत्मरती, मॅकियाव्हेलीवृत्ती आणि सायकोपथी या तीन गुणांच्या समूहाला मानसशास्त्रात ‘काळी त्रयी’ असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा अर्थ, तिच्या मोजमापाच्या पद्धती आणि विवाह, पालकत्व, भाऊबंदांचे व्यवहार व कामाची जागा या चार क्षेत्रांत दिसणारे तिचे परिणाम स्पष्ट केले आहेत. व्यक्तीवर शिक्का मारण्यापेक्षा तिच्या वारंवार घडणाऱ्या वर्तनाची नोंद घेणे अधिक शास्त्रीय व अधिक उपयुक्त आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : काळी त्रयी, आत्मरती, मॅकियाव्हेलीवृत्ती, सायकोपथी, नातेसंबंध, कौटुंबिक हिंसाचार.

1. प्रस्तावना

मनुष्य हा नात्यांत जन्मतो, नात्यांत वाढतो आणि नात्यांमुळेच सुखी अथवा दुःखी होतो. नाते तुटण्यामागे दारिद्र्य, व्यसन, गैरसमज, दुष्काळ अशी अनेक कारणे असतात. परंतु काही घरांत यांपैकी एकही कारण ठळकपणे दिसत नाही. घरात अन्नधान्य असते, बाहेर मान असतो आणि तरीही घरातील एक माणूस सतत भेदरलेला असतो. अशा घरातील सुनेला, वृद्ध पित्याला किंवा धाकट्या भावाला ‘सांभाळून घे’ एवढाच सल्ला मिळतो. आपल्याला नेमके काय सोसावे लागत आहे, हे सांगण्यासाठी त्यांच्यापाशी शब्द नसतात.

पारनेर तालुक्यातील सुपा हे पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील गाव आहे. अवर्षणप्रवण भागातील शेतीप्रधान जीवन आणि औद्योगिक वसाहतीमुळे आलेले कारखानी जीवन येथे शेजारी-शेजारी नांदते. एकीकडे सामाईक सातबाऱ्यावर उभे असलेले एकत्र कुटुंब आहे, तर दुसरीकडे भाड्याच्या खोलीत राहून ठेकेदाराकडे काम करणारा परगावचा तरुण आहे. दोन्ही ठिकाणी एका माणसाचे जगणे दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. म्हणूनच या विषयाचा विचार येथील जीवनाच्या संदर्भात करणे अगत्याचे वाटते.

2. उद्दिष्टे व पद्धती

काळ्या त्रयीची संकल्पना सुबोधपणे मांडणे, नातेसंबंधांवरील तिच्या परिणामांचे विवेचन करणे आणि पीडित व्यक्तीस उपलब्ध असलेल्या मार्गांचा निर्देश करणे, ही या लेखाची उद्दिष्टे आहेत. लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो दुय्यम साधनांवर आधारलेला आहे. कोणत्याही विशिष्ट कुटुंबाची वा व्यक्तीची माहिती येथे वापरलेली नाही.

3. संकल्पनेचे स्वरूप

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डेल्रॉय पॉलहस आणि केविन विल्यम्स यांनी 2002 मध्ये ‘काळी त्रयी’ ही संज्ञा रूढ केली. तिच्यातील तीनही घटकांचा अभ्यास मात्र त्यापूर्वीच सुरू झाला होता.

(अ) आत्मरती : पाण्यातील स्वतःच्या प्रतिबिंबावर भाळलेल्या नार्सिससच्या ग्रीक कथेवरून नार्सिसिझम हा शब्द आला. सिग्मंड फ्रॉइड यांनी 1914 मध्ये या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. स्वतःच्या मोठेपणाची अतिरंजित कल्पना, सतत कौतुकाची भूक आणि ‘मला विशेष वागणूक मिळालीच पाहिजे’ ही अधिकारभावना ही तिची लक्षणे होत.

(आ) मॅकियाव्हेलीवृत्ती : इटालियन मुत्सद्दी मॅकियाव्हेली यांच्या राजनीतीविषयक लेखनावरून हे नाव पडले. रिचर्ड ख्रिस्ती आणि फ्लॉरेन्स गाईस यांनी 1970 मध्ये या वृत्तीवरील संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. थंड डोक्याने आखलेले डावपेच, माणसाकडे साधन म्हणून पाहणे आणि नीतीविषयी तुच्छता हे तिचे मर्म आहे.

(इ) सायकोपथी : हर्वे क्लेक्ली यांनी 1941 मध्ये वरकरणी सभ्य व समंजस वाटणाऱ्या, परंतु आतून भावनाशून्य असणाऱ्या रुग्णांचे सविस्तर वर्णन केले. सहानुभूतीचा अभाव, पश्चात्तापाचा अभाव, आवेगशीलता आणि बेफिकिरी ही या गुणाची लक्षणे आहेत.

तिन्ही गुणांत एक समान धागा आहे. तो म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाची किंमत शून्य धरून स्वतःचा लाभ पाहणे. फरक आहे तो हेतूचा. आत्मरत माणसाला टाळ्या हव्या असतात, मॅकियाव्हेलीवृत्तीच्या माणसाला फायदा हवा असतो आणि सायकोपथीकडे झुकलेल्या माणसाला तत्काळ तृप्ती हवी असते. पुढे काही संशोधकांनी यांत दुसऱ्याच्या पीडेतून सुख घेण्याच्या वृत्तीची, म्हणजे परपीडनाची भर घातली. 2018 मध्ये मोशागेन, हिल्बिग व झेटलर यांनी या सर्व गुणांच्या मुळाशी एकच सामाईक घटक असल्याचे प्रतिपादन केले.

4. मोजमाप आणि त्याच्या मर्यादा

हे गुण मोजण्यासाठी प्रश्नावल्या वापरल्या जातात. जोनासन व वेबस्टर यांची 2010 मधील प्रश्नावली अवघ्या 12 विधानांची आहे, तर जोन्स व पॉलहस यांची 2014 मधील प्रश्नावली 27 विधानांची आहे. सायकोपथीसाठी रॉबर्ट हेअर यांनी तयार केलेली तपासणीसूची 20 मुद्द्यांची असून तिचे कमाल गुण 40 आहेत. ती प्रशिक्षित तज्ज्ञाने मुलाखत व कागदपत्रे तपासूनच भरावयाची असते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली अशी की, हे गुण ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा स्वरूपाचे नसून कमी-अधिक प्रमाणाचे आहेत. थोडी आत्मप्रौढी कोणात नसते? दुसरी अशी की, काळ्या त्रयीतील गुण म्हणजे रोगनिदान नव्हे. आत्मरत व्यक्तिमत्त्वविकार हे निदान केवळ मनोविकारतज्ज्ञ वा चिकित्सक मानसशास्त्रज्ञच करू शकतो. सोप्या प्रश्नावलीवरून नवऱ्याला, सासूला अथवा साहेबाला ‘सायकोपॅथ’ ठरविणे शास्त्रालाही मान्य नाही आणि न्यायालाही.

5. आपल्या परंपरेतील निरीक्षण

या गुणांची ओळख आपल्याकडे नवीन नाही. याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, अशी परंपरा आहे. तिच्या सोळाव्या अध्यायात दैवी व आसुरी संपत्तीचे विवेचन येते. दंभ, दर्प, पारुष्य यांसारख्या आसुरी गुणांचे तेथे केलेले वर्णन आजच्या वाचकालाही जवळच्या माणसांची आठवण करून देणारे आहे. केलेल्या सत्कर्माचा स्वतःच डंका पिटणारा दांभिक आणि आजच्या परिभाषेतील आत्मरत माणूस यांच्यात फारसे अंतर नाही. समर्थ रामदासांनीही दासबोधाच्या दुसऱ्या दशकात कुविद्येची लक्षणे एका स्वतंत्र समासात सांगितली आहेत. आधुनिक मानसशास्त्र या गुणांचे मोजमाप करते, तर संतवाङ्मय वाचकाला ते प्रथम स्वतःत शोधावयास लावते. हा फरक लक्षणीय आहे.

मराठी नाटकात विजय तेंडुलकर यांच्या ‘गिधाडे’ने याच वास्तवाचे कौटुंबिक रूप दाखविले. 1970 मध्ये डॉ. श्रीराम लागू यांनी रंगमंचावर आणलेल्या या नाटकात पैशासाठी बाप, भाऊ आणि बहीण एकमेकांना ओरबाडतात. नाते शिल्लक असते ते केवळ नावापुरते.

6. नातेसंबंधांवरील परिणाम

6.1 विवाह : जर्मन संशोधक बाक, श्मुकले व एग्लॉफ यांच्या 2010 मधील अभ्यासानुसार आत्मरत व्यक्ती पहिल्या भेटीत इतरांहून अधिक आवडतात. नीटनेटका पोशाख, आत्मविश्वासपूर्ण हालचाली व चटपटीत बोलणे यांची छाप पडते. मात्र पॉलहस यांनी 1998 मध्ये विद्यार्थ्यांच्या गटांची सात भेटींमध्ये पाहणी केली, तेव्हा आरंभी आवडलेल्या याच व्यक्ती शेवटी उद्धट व बढाईखोर वाटू लागल्या.

आपल्याकडील कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाकडे या प्रकाशात पाहावे. अर्ध्या तासाची भेट, निवडक प्रश्न आणि लगेच होकार ही रचना नेमकी त्या गुणांना अनुकूल आहे, जे पहिल्या भेटीत चमकतात आणि सातव्या भेटीत उघडे पडतात. स्थळ पाहताना शेती, नोकरी व घर यांची चौकशी होते. परंतु मुलगा घरातील गड्याशी, धाकट्या बहिणीशी किंवा चहा आणून देणाऱ्या पोराशी कसा बोलतो, याची चौकशी क्वचितच होते. ज्याच्याकडून काही मिळवावयाचे नाही त्याच्याशी माणूस कसा वागतो, हीच खरी परीक्षा होय.

विवाहानंतर हे गुण काही ठरावीक वर्तनांतून व्यक्त होतात. प्रथम अतिरेकी कौतुक होते आणि नंतर पदोपदी पाणउतारा. माहेरी जाणे, फोन करणे व मैत्रिणींना भेटणे यांवर हळूहळू बंधने येतात. पगार काढून घेतला जातो. घडलेली घटना घडलीच नाही असे ठामपणे सांगून समोरच्याचा स्वतःच्या स्मरणावरील विश्वास डळमळीत केला जातो. शेजाऱ्यांना मात्र हाच माणूस अत्यंत सालस वाटतो. त्यामुळे पीडितेचे कोणी खरे मानत नाही आणि कालांतराने तिचा स्वतःवरचाच विश्वास उडतो. अंगावर वळ नसल्यामुळे ही हिंसा हिंसा म्हणून ओळखलीच जात नाही.

6.2 पालक आणि अपत्य : आत्मरत पालकास मूल हे स्वतःच्या प्रतिष्ठेचे साधन वाटते. गुणपत्रिका उत्तम असेल तर माया, नसेल तर अबोला, असा सौदा चालतो. याच्या उलट बाजूकडेही पाहणे आवश्यक आहे. एडी ब्रुमेलमन व सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील शालेय मुलांचा अभ्यास करून 2015 मध्ये दाखविले की, ‘आपले मूल इतरांपेक्षा श्रेष्ठ आहे’ असे मानणाऱ्या पालकांच्या मुलांत पुढे आत्मरती वाढते, तर मायेची ऊब मिळालेल्या मुलांत निकोप आत्मसन्मान वाढतो. ‘वंशाचा दिवा’ म्हणून ज्याला बहिणींहून वरचढ वागविले जाते, त्या मुलाच्या बाबतीत हा निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. लाड आणि माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

6.3 भाऊबंद आणि जमीन : ग्रामीण भागात मॅकियाव्हेलीवृत्ती सर्वाधिक दिसते ती वाटणीच्या वेळी. महाराष्ट्रात 1994 च्या व देशभरात 2005 च्या कायदादुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्यानंतर हक्कसोडपत्रास विशेष महत्त्व आले. अनेक बहिणी ते राजीखुशीने देतात. परंतु जेथे वर्षभर विचारपूस न करणारा भाऊ अचानक प्रेमळ होतो, आजारी आईचे नाव पुढे करतो आणि कागद वाचू न देता सही मागतो, तेथे प्रेमाचा वापर हत्यारासारखा होत असतो. येथे बहिणीची फसवणूक केवळ जमिनीपुरती नसते, माहेर या शब्दावरचा तिचा विश्वासही हिरावला जातो.

6.4 कामाची जागा : पॉल बबियाक व रॉबर्ट हेअर यांनी 2006 मध्ये कार्यालयांतील अशा व्यक्तींविषयी ग्रंथ लिहिला. वरिष्ठांपुढे नम्रता, कनिष्ठांवर दहशत आणि इतरांच्या श्रमाचे श्रेय स्वतःकडे घेणे ही त्यांची रीत होय. कंत्राटी कामगार उद्या कामावर असेल की नाही हे ठेकेदाराच्या अथवा पर्यवेक्षकाच्या शब्दावर ठरते, तेथे या वृत्तीला मोकळे रान मिळते. म्हणजेच दोष केवळ स्वभावाचा नसून, त्या स्वभावाला अनिर्बंध सत्ता देणाऱ्या रचनेचाही असतो.

7. कारणे आणि परिवर्तनाची शक्यता

जुळ्या भावंडांवरील अभ्यासांतून आत्मरती व सायकोपथी यांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा, तर मॅकियाव्हेलीवृत्तीत घरच्या सामाईक वातावरणाचा प्रभाव तुलनेने अधिक आढळला आहे. डावपेच हे मोठ्या प्रमाणात घरातच शिकले जातात, असा याचा अर्थ घेता येतो. आत्मरती वयाबरोबर सरासरीने कमी होत जाते, असे 37,000 हून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारलेल्या 2024 मधील विश्लेषणात दिसून आले. परंतु ही घट सावकाश होते. ‘लेकरू झाले की सुधारेल’ या आशेवर एखाद्या मुलीचे आयुष्य पणाला लावणे त्यामुळे समर्थनीय ठरत नाही.

8. उपाययोजना

1. शिक्क्याऐवजी वर्तनाची नोंद ठेवावी. तारीख, घटना, बोललेले शब्द व साक्षीदार लिहून ठेवल्यास स्वतःच्या स्मरणावरील विश्वास टिकतो आणि पुढे तक्रारीसही आधार मिळतो.
2. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 मध्ये शारीरिक व लैंगिक छळाबरोबरच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाचाही समावेश आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. महिलांसाठी 181 व तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक आहेत.
3. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून रद्द ठरवून घेता येते. त्यामुळे बक्षीसपत्रात ती अट स्पष्टपणे लिहून घेणे हिताचे ठरते.
4. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 च्या कायद्याने 10 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे. लहान आस्थापनांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते.
5. मानसिक आधारासाठी 2022 पासून टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.
6. महाविद्यालयांनी विवाहपूर्व समुपदेशनाचे वर्ग घ्यावेत आणि त्यांत मुलांनाही तितक्याच आग्रहाने सामील करून घ्यावे.

9. समारोप

काळ्या त्रयीची संकल्पना हे दुधारी शस्त्र आहे. तिच्या साहाय्याने मुकाट सोसणाऱ्या माणसाला आपल्या वेदनेचे नाव सापडते. मात्र तिचाच गैरवापर करून मतभेद असणाऱ्या कोणालाही विकृत ठरविता येते. या दोहोंतील सीमारेषा वर्तनानेच आखता येते. एकदा चुकून दुखावणारा माणूस क्षमा मागतो व बदलतो. वारंवार दुखावूनही दोष समोरच्याच्याच माथी मारणारा माणूस मात्र सांभाळून घेतल्याने सुधारत नाही, उलट सोकावतो. सहनशीलता हा आपल्या समाजाचा मोठा गुण आहे. ती नेहमी एकाच माणसाकडून अपेक्षिली जात असेल, तर तेथे थांबून विचारले पाहिजे, की हे घर नेमके कोणाच्या सोसण्यावर उभे आहे? हा प्रश्न विचारण्याचे धैर्य शेजाऱ्यांत, नातलगांत आणि शिक्षकांत निर्माण होणे, हीच या अभ्यासाची खरी फलश्रुती ठरेल.