विश्लेषण : गावाकडची जुनी गाडी पावसाळ्यात सुरू का होत नाही? कार्ब्युरेटर खोलण्याआधी काय तपासावे?

मे महिन्याची सुट्टी संपवून चाकरमानी मुंबईला परततो, तेव्हा कणकवलीजवळच्या वाडीतली जुनी मारुती ८०० मांगरात झाकून ठेवतो. गणपतीला येऊन चावी फिरवतो, तर गाडी ढिम्म. शेजारीपाजारी जमतात, ‘कार्ब्युरेटर गेला’ असा निकाल लागतो आणि पाने-पक्कड बाहेर निघते. दोष मात्र अनेकदा दुसरीकडेच असतो. चुकीच्या क्रमाने केलेल्या खटपटीत बॅटरी उतरते, खर्च वाढतो आणि प्रसंगी आगही लागते. म्हणूनच तपासणीचा क्रम महत्त्वाचा.

कार्ब्युरेटर नेमके काय करतो?

इंजिन सुरू होण्यासाठी तीन गोष्टी लागतात : हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, सिलिंडरमधला दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. यातले मिश्रण कार्ब्युरेटर तयार करतो. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि छोट्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, ओढले जाते. २०००च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कंपन्या इंजेक्शनकडे वळल्या. नव्या गाडीतला संगणक मिश्रणाचे प्रमाण स्वतः सुधारतो. जुन्या गाडीत ती सोय नाही. पण म्हणूनच तिचा दोष स्कॅनरशिवाय, डोळ्यांनी पाहून शोधता येतो.

पहिली तपासणी कशाची?

बॅटरीची. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मंदावले किंवा नुसता ‘कट कट’ आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल गंजले आहेत. भरलेली बॅटरी मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२च्या आसपास असेल तर आधी चार्जिंग. टर्मिनलवरची पांढरी-हिरवट पूड खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने निघते. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी काढावे आणि बसवताना शेवटी. इंजिनाला जोडलेली अर्थिंगची पट्टीही पाहावी. समुद्राकडच्या खाऱ्या, दमट हवेत तिचे टोक गंजते आणि चांगली बॅटरीही दुबळी वाटते.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही, तर?

आता ठिणगी तपासावी. कोकणातल्या पावसात जुन्या गाडीचा हा नाजूक भाग. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आतून दव साचते आणि प्लगपर्यंत जाणारा विजेचा दाब वाटेतच गळतो. इग्निशन बंद करून टोपी काढावी, कोरड्या फडक्याने पुसावी, आत तडा किंवा काळी रेघ आहे का ते पाहावे. कॉन्टॅक्ट पॉइंट असलेल्या गाडीत पॉइंटवर गंजाचा थर बसलेला असू शकतो. बंद गाडीत उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना, हेही बघावे.

मग एक प्लग काढून त्याच्या वायरीच्या टोपीत बसवावा, प्लगचे धातूचे अंग इंजिनाला टेकवावे आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. वायर हाताने धरू नये, झटका जोराचा बसतो. प्लग मोकळ्या भोकापासून दूर ठेवावा आणि जवळ पेट्रोल सांडलेले नसावे. निळसर, कडक ठिणगी म्हणजे ठीक. पिवळट किंवा काहीच नाही, तर दोष प्लग, वायरी, टोपी, पॉइंट किंवा कॉइलमध्ये शोधावा.

पेट्रोल पोहोचते की नाही, कसे कळणार?

काढलेला प्लगच ते सांगतो. बराच वेळ सेल्फ मारूनही प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल येत नाही. ओला असेल, तर गाडी ओव्हरफ्लो झाली आहे. अशा वेळी चोक बंद करावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरावा आणि पाच-दहा सेकंद सेल्फ मारावा. पाय खालीवर करू नये. प्रत्येक दाबाला पेट्रोलची नवी पिचकारी आत जाते.

प्लग कोरडा असेल, तर इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचे झाकण काढावे. टॉर्चच्या उजेडात कार्ब्युरेटरच्या गळ्यात बघत थ्रॉटल हाताने ओढावा. बारीक पिचकारी दिसली, तर वाटीत पेट्रोल आहे. दिसली नाही, तर फिल्टर, पाइप आणि पंप तपासावेत. महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते. ती पुन्हा भरायला काही वेळ सेल्फ मारावाच लागतो. एवढे करूनही पेट्रोल आले नाही, किंवा पिचकारी दिसूनही गाडी पकडत नसेल, तरच जेट साफ करायला कार्ब्युरेटर मेकॅनिककडे खोलावा.

इथेनॉलचा संबंध काय?

देशात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि पंप नेमके तेच आधी ओढतो. जुने रबरी पाइप आणि वायसर इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. त्यामुळे इंजिनाजवळ पेट्रोलचा वास आला, तर आधी गळती शोधावी, सेल्फ नंतर.

काय अजिबात करू नये?

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ओतून सेल्फ मारू नये. इंजिनाने उलटा फटका दिला, तर ज्वाला तोंडावर येते. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये अर्धा मिनिट थांबावे. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी तर मुळीच सुरू करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

पुढच्या सुट्टीआधी काय करावे?

गाव सोडताना बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावे. गावात विश्वासाचे कुणी असेल, तर पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास गाडी रस्त्यावर फिरवून आणायला सांगावे. त्याने बॅटरी भरते, इंजिनाच्या उष्णतेने ओल सुकते आणि वाटीत ताजे पेट्रोल येते. चतुर्थीच्या आदल्या रात्री मेकॅनिक शोधत फिरण्यापेक्षा हे स्वस्त पडते.