जहाजावरील मद्य आणि वयाची अट: काही गैरसमज व वस्तुस्थिती

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या उपनगरांतील मध्यमवर्गीय कुटुंबांची सहल एके काळी माथेरान-महाबळेश्वरपर्यंत किंवा अष्टविनायकांपर्यंत जाऊन थांबत असे. तीच कुटुंबे आता आजी-आजोबांच्या विवाहाचा सुवर्णमहोत्सव अथवा मुलीच्या पदवीचा आनंद साजरा करण्यासाठी तीन पिढ्यांसह प्रवासी जहाजावर चढू लागली आहेत. २०१८ साली ‘आंग्रिया’ या जहाजाने मुंबई-गोवा सागरी प्रवासाला नवे रूप दिले, सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया’च्या ‘एम्प्रेस’ या जहाजाच्या सफरी मुंबईहून सुरू झाल्या आणि गोवा, कोची, लक्षद्वीप ही नावे उपनगरांतील दिवाणखान्यांत सहजपणे उच्चारली जाऊ लागली. या कौटुंबिक जथ्यात अठरा ते चोवीस या वयोगटातील जी मुले-मुली असतात, त्यांना जहाजावर मद्य घेण्याची मुभा आहे की नाही, याविषयी मात्र वडीलधाऱ्यांत आणि तरुणांत सारख्याच प्रमाणात अज्ञान आढळते. त्यातील प्रमुख समजुती येथे एकेक करून तपासू.

गैरसमज पहिला: अठरा वर्षे पूर्ण झाली की माणूस सज्ञान होतो आणि सज्ञानाला मद्य घेण्याचा अधिकार आपोआप मिळतो.

वस्तुस्थिती: सज्ञानतेचे वय एक आणि मद्यप्राशनाचे वय दुसरे. १८७५ च्या सज्ञानता अधिनियमाने करार करण्याची पात्रता अठराव्या वर्षी दिली आणि १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणले, हे खरे. पण मादक पेये हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीमध्ये असल्यामुळे त्याविषयीची वयोमर्यादा प्रत्येक राज्याने आपापल्या मतीप्रमाणे ठरविली आहे. महाराष्ट्रात बियरसारख्या सौम्य मद्यासाठी एकवीस आणि व्हिस्की, रम, व्होडका यांसारख्या तीव्र मद्यासाठी पंचवीस वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. केरळात ही मर्यादा तेवीस, दिल्लीत पंचवीस, तर गोव्यात अठरा आहे. त्यातही गंमत म्हणून नव्हे तर नियमांची स्वतंत्रता ध्यानी यावी म्हणून सांगावयाचे, की त्याच गोव्यात मांडवीवरील कॅसिनोत प्रवेशासाठी एकवीस वर्षांची अट आहे. शिवाय महाराष्ट्रात वय पूर्ण झाल्यानेही सर्व काही संपत नाही; मद्य बाळगण्यासाठी आणि सेवनासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, मग तो एका दिवसाचा असो, एका वर्षाचा असो वा आजीवन असो. बहुसंख्य नागरिकांना ही तरतूद ठाऊकच नसते, म्हणून ती अस्तित्वात नाही असे होत नाही.

गैरसमज दुसरा: बंदरात उभे असलेले जहाज म्हणजे परकी भूमी, तेथे दारूबंदीचा कायदा कधीच लागू नव्हता.

वस्तुस्थिती: या समजुतीला मुंबईच्याच इतिहासाने उत्तर दिलेले आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा. आज तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो. एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदीचा अंमल सुरू झाला, तेव्हा मालवाहू जहाजे, युद्धनौका आणि सैनिकांची ने-आण करणारी जहाजे यांच्यावर विदेशी मद्याच्या सेवनाला परवानगी देण्याचा अखत्यार कायद्यानेच सरकारकडे सोपविला होता. जहाज कायद्याच्या हद्दीबाहेर असते, तर अशी मुभा देण्याचे प्रयोजनच उरले नसते. या अधिनियमाला बलसारा खटल्यात आव्हान दिले गेले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदी रद्द करून बहुतांश भाग वैध ठरविला. आंतरराष्ट्रीय संकेतही वेगळे सांगत नाही: परक्या ध्वजाचे जहाज बंदरात, म्हणजे राष्ट्राच्या अंतर्गत जलक्षेत्रात आले, की ते त्या राष्ट्राच्या कायद्याच्या अधीन होते. अनेक जहाजांवरील करमुक्त दुकाने आणि कॅसिनो जहाज बंदरात असेतोवर बंद ठेवले जातात, त्यामागील कारण हेच.

गैरसमज तिसरा: बारा सागरी मैल ओलांडले की कोणाचाच कायदा चालत नाही.

वस्तुस्थिती: भारताचे प्रादेशिक जल किनाऱ्याच्या आधाररेषेपासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरपर्यंत पसरलेले आहे, हे १९७६ च्या अधिनियमाने निश्चित केले, परंतु त्या रेषेपलीकडे कायद्याची पोकळी सुरू होते, ही कल्पना निराधार आहे. खुल्या समुद्रावर जहाज ज्या राष्ट्राच्या ध्वजाखाली नोंदलेले असेल, त्या राष्ट्राचा कायदा जहाजावर चालतो. जगातील पुष्कळशी प्रवासी जहाजे बहामा, पनामा वा माल्टा या देशांत नोंदलेली असतात. बहामा आणि पनामात मद्याची वयोमर्यादा अठरा, तर माल्टात सतरा आहे. एवढे ऐकून तरुण मंडळी हर्षित होतात, पण ध्वजराष्ट्राचा कायदा हा केवळ किमान पाया असतो, आणि त्यावर अधिक कडक अट घालण्यास जहाजकंपनीला पूर्ण मोकळीक असते. तिकीट काढताना प्रवासी ज्या शर्ती न वाचताच मान्य करतो, तो एक करारनामाच असतो. त्यात वयाची अट नमूद असते, आणि ती मोडणाऱ्याचे मद्य बंद करण्याचा, गंभीर प्रसंगी त्याला पुढच्या बंदरावर उतरविण्याचा अधिकारही राखून ठेवलेला असतो. याखेरीज भारतीय नागरिकाने भारताबाहेर केलेल्या अपराधालाही भारतीय न्याय संहिता लागू होते. तेव्हा मद्याच्या अंमलाखाली कोणावर हात उचलला, तर किनारा दिसत नव्हता, ही सबब न्यायालयात टिकत नाही.

गैरसमज चौथा: जहाज गोव्याला जाणार, म्हणून त्यावर गोव्याचा नियम.

वस्तुस्थिती: गंतव्य बंदराचा कायदा त्या बंदराच्या भूमीवर चालतो; तो मुंबईच्या धक्क्यापासून प्रवाशासोबत चढत नाही. एकोणीस वर्षांचा तरुण पणजीत उतरून तेथील परवानाधारक उपाहारगृहात कायद्याने बियर घेऊ शकेल, पण तोच सायंकाळी जहाजावर परतल्यावर जहाजाच्या अटीने बांधला जाईल. लक्षद्वीपच्या सफरीत तर चित्र अगदी उलट होते: तेथे दारूबंदी आहे, बंगाराम बेटावरील पर्यटनस्थळाचा अपवाद वगळता कोणत्याही वयाच्या प्रवाशाने बाटली घेऊन बेटावर उतरणे हा गुन्हा ठरतो. परतीच्या प्रवासात आणखी एक चूक घडते. गोव्यात स्वस्त मिळालेल्या बाटल्या सामानात घालून मुंबईला आणल्या जातात. वास्तविक गोव्याचा अबकारी कर भरलेले मद्य महाराष्ट्रात आणण्यासाठी परवाना लागतो. सिंधुदुर्गातील इन्सुली तपासणी नाक्यावर वाहनांची झडती होते ती याचसाठी, आणि मार्ग रस्त्याऐवजी समुद्राचा असला म्हणून कायदा बदलत नाही.

गैरसमज पाचवा: आईवडील सोबत आहेत, त्यांची संमती असली की पुरे.

वस्तुस्थिती: हा गैरसमज सर्वांत घातक आहे, कारण तो प्रेमापोटी जन्मतो. इंग्लंडमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने उपाहारगृहात जेवणासोबत, प्रौढ व्यक्तीच्या सोबतीत, बियर वा वाइन घेण्यास कायदा परवानगी देतो. काही अमेरिकी जहाजकंपन्यांनीही विशिष्ट सफरींवर अठरा ते वीस वर्षांच्या पाल्यासाठी पालकाच्या सहीचा लेखी अर्ज स्वीकारण्याची पद्धत ठेवलेली आहे. या परदेशी प्रथा ऐकीव माहितीतून आपल्याकडे आल्या आणि जणू त्या सार्वत्रिक न्यायच आहेत, असे मानले गेले. महाराष्ट्राच्या कायद्यात पालकाच्या संमतीने वयाची अट शिथिल करणारी कोणतीही तरतूद नाही. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तर केंद्राचा कायदा अत्यंत कठोर आहे: बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ अन्वये वैद्यकीय आदेशाखेरीज बालकाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि देणारा कोण, याबाबत त्या कलमाने आईबापांना, काका-मामांना वगळलेले नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, त्यानंतर ज्या ठिकाणी त्याला मद्य मिळाले त्या मद्यगृहांच्या चालकांवरही कारवाई झाली, हे कोणी विसरू नये.

जहाजावर ही बाब व्यवहारातही झाकून राहत नाही. प्रत्येक प्रवाशाला मिळणारे कार्ड, जे खोलीची किल्ली आणि खर्चाची नोंद अशी दोन्ही कामे करते, ते त्याच्या जन्मतारखेशी जोडलेले असते. वडिलांच्या कार्डावर पेला घेऊन तो मुलाच्या हाती देणे हा बहुतेक कंपन्यांच्या शर्तींचा भंग असून त्याची झळ वडिलांनाही लागते.

गैरसमज सहावा: परदेशी जहाजांवर सगळीकडे एकच वय चालते.

वस्तुस्थिती: एकाच कंपनीच्या जहाजांवरही निर्गमनाचे बंदर बदलले की वय बदलते. अमेरिकेत १९८४ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना मद्याची वयोमर्यादा एकवीस करण्यास भाग पाडले, आणि उत्तर अमेरिकेतून निघणाऱ्या रॉयल कॅरिबियनच्या सफरींवर तेच वय पाळले जाते. आशिया आणि युरोपातील सफरींवर त्याच कंपनीची मर्यादा सामान्यतः अठरा राहिली आहे. म्हणून घाटकोपरचे कुटुंब विमानाने सिंगापूरला जाऊन तेथून जहाजावर चढले, तर एकोणीस वर्षांच्या मुलीला अडथळा नसेल. पण तेच कुटुंब न्यू जर्सीतील नातलगांसह बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरावरून निघाले, तर तिला आणि तिच्या अमेरिकी चुलतभावाला सारखाच नकार मिळेल, आणि जहाज बहामाच्या किनाऱ्यावर थांबले तरी जहाजावरचा तो नकार कायम राहील. वय कोणत्या दिवशी मोजावयाचे, यातही कंपन्यांत भेद आहे. प्रवासातच एखाद्याचा एकविसावा वाढदिवस येत असेल, तर आधीच लेखी विचारणा करणे इष्ट.

गैरसमज सातवा: वयाची अट म्हणजे जुन्या पिढीचा सोवळेपणा, तिला शास्त्राचा आधार नाही.

वस्तुस्थिती: मानवी मेंदूचा विकास, विशेषतः निर्णयशक्ती आणि आवर सांभाळणाऱ्या भागाचा विकास, वयाच्या पंचविशीपर्यंत चालू असतो, हे आधुनिक मेंदूविज्ञानाचे सर्वमान्य मत आहे. अमेरिकेत वयोमर्यादा एकवीस केल्यानंतर तरुणांच्या मद्यजन्य रस्ते-अपघातांत घट झाली, असे तेथील अभ्यासांनी दाखविले. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तर मद्याचे आरोग्यास निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही, असे स्पष्टपणे जाहीर केले. जहाजावर या धोक्यांत भर पडते: डोलणारा डेक, रात्रीचा कठडा, पोहण्याचा तलाव, उष्ण दमट हवेत शरीरातील पाण्याचा ऱ्हास, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जहाजाच्या छोट्या दवाखान्यापलीकडे रुग्णालय तासन् तास दूर असणे. अट कोणत्या वयाची असावी, पंचवीस अधिक की अठरा कमी, याविषयी मतभेद असणे स्वाभाविक आहे आणि तरुणांनी तो वाद विधिमंडळापर्यंत नेण्यासही हरकत नाही. पण अटच निरर्थक आहे, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

या साऱ्या विवेचनाचे सार एवढेच, की जहाजावर प्रवाशाचे वय तीन निकषांवर तपासले जाते: बंदराचा कायदा, ध्वजाचा कायदा आणि कंपनीची शर्त. या तिहींत जी अट सर्वांत कडक, तीच पाळावी, म्हणजे चूक होत नाही. आरक्षण करण्यापूर्वी त्या सफरीपुरती मद्याची वयोमर्यादा कंपनीकडून लेखी मागवावी, कारण असे नियम वेळोवेळी बदलतात. ओळखपत्र म्हणून पारपत्र किंवा वाहनपरवाना यांसारखा पूर्ण जन्मतारीख असलेला दस्तऐवज जवळ ठेवावा, कारण काही जुन्या आधारकार्डांवर केवळ जन्मवर्ष छापलेले असते. आणि घरातील तरुणांना ही अट जहाजावर, मद्यगृहाच्या गर्दीत, नोकरवर्गाच्या तोंडून प्रथमच ऐकावी लागू नये. ती आईवडिलांनी घरीच, निघण्यापूर्वी, कारणांसह आणि आदराने सांगावी. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला कायदा समजावून सांगणे म्हणजे तिला वा त्याला प्रौढ म्हणून वागविणे होय. चोरून पेला पुढे करणे म्हणजे नव्हे.