बाबासाहेबांचे ग्रंथ मोबाईलवर आले. आता पुस्तकाचा स्टॉलही जगवू या!

बदलापूरहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये पूर्वी वर्तमानपत्राच्या घड्या दिसायच्या. एक पेपर चौघांत वाटून वाचला जायचा. आज अंबरनाथ, उल्हासनगर येईपर्यंत डब्यातल्या बहुतेकांच्या माना मोबाईलवर झुकलेल्या असतात. कुणी सिनेमा पाहतो, कुणी गाणी ऐकतो. पण त्याच मोबाईलवर बाबासाहेबांचे ग्रंथही वाचता येतात, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

पुस्तकाची किंमत आणि गरिबाचा खिसा यांचा झगडा जुना आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. पण त्यांचे भाषण आधी वाचून मंडळ घाबरले आणि परिषद भरलीच नाही. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापून काढले. इंग्रजीतल्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. किंमत होती आठ आणे. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिताना किंमत दोन आणे, निदान चार आणे करावी, असे सुचवले होते. आज तेच भाषण एक पैसाही न देता वाचता येते. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्याच विद्यापीठाने ते इंटरनेटवर ठेवले आहे.

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन व भाषणांचे खंड काढले. वसंत मून यांनी त्यांच्या संपादनासाठी आयुष्य वेचले. हे खंड स्वस्त होते, पण हवे तेव्हा मिळत नसत. डिसेंबर २०२१ मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली, की नऊ लाख प्रती छापायचे ठरले असताना चार वर्षांत फक्त ३३ हजार छापल्या गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने या बातमीची स्वतःहून दखल घेतली. छापखान्यात खंड अडकले होते, तरी त्यांची पाने भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत उपलब्ध होती. छोट्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठी मदत कोणती?

मग स्टॉलवर पुस्तक विकत घ्यायचे कशाला, असे कुणी विचारील. येथेच थोडे थांबून विचार केला पाहिजे.

आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या पुस्तकावर त्याच्या वारसांचा हक्क राहतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुली झाली. ती मोबाईलवर घ्या, मित्राला पाठवा. त्यात चोरी नाही. मात्र त्यांच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असू शकतो.

पण आज हयात असलेल्या आपल्या लेखकाचे आत्मचरित्र कुणीतरी मोबाईलने फोटो काढून ग्रुपवर टाकते आणि ते शेकडो घरांत फुकट पोहोचते, तेव्हा काय होते? मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजाराच्या आसपास असते. आपले प्रकाशक लहान; कित्येकांनी घरचे पैसे घालून पुस्तक काढलेले असते. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीवर मांडलेल्या स्टॉलवर ज्या प्रती खपतात, त्यांवर पुढचे पुस्तक अवलंबून असते. ती विक्री बुडाली तर पुढचे पुस्तक निघणारच नाही. ई-पुस्तकाला कागद लागत नाही, गोदाम लागत नाही, हे खरे. पण लिहिणाऱ्याचे, तपासणाऱ्याचे आणि अक्षरजुळणी करणाऱ्याचे श्रम लागतातच. श्रमाचे मोल आपण कामगारांनी ओळखायचे नाही, तर कुणी?

सरळ मार्गही आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने मराठी पुस्तके मोफत देते. बुकगंगावर मराठी ई-पुस्तके विकत मिळतात. किंडलवर २०१६ च्या अखेरीस मराठी पुस्तके आली. स्टोरीटेलने २०१७ साली मराठी ऐकायची पुस्तके आणली. डोळ्यांनी अधू झालेल्या आजीला किंवा वाचता न येणाऱ्या आईला नातू ती लावून देऊ शकतो.

घेताना दोन गोष्टी पाहा. पहिली, पानांचे नुसते फोटो असतील तर अक्षर मोठे केल्यावर ओळ पडद्याबाहेर जाते आणि डोळे शिणतात. खऱ्या ई-पुस्तकात अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नीट बसतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्यावर प्रकाशकाचे नाव, साल आणि आवृत्ती नाही, ते पुस्तक खरे मानू नका. बाबासाहेबांच्या नावावर त्यांनी कधी न उच्चारलेली वाक्ये मोबाईलवर फिरत असतात. भाषणात एखादे वाक्य वापरण्यापूर्वी मूळ खंडाचे पान उघडून पाहा. आता तर ते खिशातच आहे.

कागदाचेही मोल कमी झालेले नाही. बदलापूरच्या ग्रंथसखा वाचनालयात श्याम जोशी यांनी जुनी, दुर्मीळ मराठी पुस्तके जमवून जपली आहेत. कुणीतरी कागद जपतो, म्हणूनच उद्या त्याची प्रत मोबाईलवर येऊ शकते. मोबाईल फुटतो, हरवतो, हप्ता थकला की विकलाही जातो. कपाटातले पुस्तक मात्र मुलाकडून नातवाकडे जाते.

म्हणून प्रत्येक घराने दोन कामे करावीत. आठवड्यातून एक संध्याकाळ मोबाईलवरचे गाणे बंद करून घरातल्या मुलीने किंवा मुलाने त्याच मोबाईलवरून बाबासाहेबांचे एक पान मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. आणि येत्या ६ डिसेंबरला दादरहून परतताना पिशवीत हयात लेखकाचे निदान एक पुस्तक असावे, तेही पैसे मोजून घेतलेले. फुकट मिळाले ते वाचू या आणि वाचलेल्या पैशातून नवे पुस्तक जगवू या.