गोळ्याने टाइप होतं तेव्हा

साध्या टाइपरायटरवर हात जरा भरभर चालला की अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकायच्या. आयबीएमने १९६१ साली आणलेल्या ‘सिलेक्ट्रिक’ने दांड्याच काढून टाकल्या. त्यांच्या जागी गोल्फच्या चेंडूएवढा गोळा, अंगावर ८८ अक्षरं-चिन्हं. कळ दाबली की तो गिरकी घेतो, हवा तेवढा कलतो आणि रिबनवर आपटतो. कॅरेज जागची हलत नाही. गोळाच सरकत जातो. गंमत म्हणजे किती फिरायचं, किती कलायचं हा सगळा हिशेब तरफा आणि पोलादी पट्ट्या करतात. वीज लागते ती मोटरपुरती! गोळा बदलला की अक्षराचं वळणही बदललं. पुढे मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीतल्या अशाच यंत्रांत सोव्हिएत हेरांनी उपकरणं दडवली. आतल्या भागांच्या हालचालींवरून ती टाइप होणारा मजकूर चोरत. १९८४ साली ती सापडली.