फुकटाची किंमत : ‘हार्वेस्ट’ नाटकाविषयी

विज्ञानकथा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर अंतराळयाने आणि यंत्रमानव येतात. मंजुला पद्मनाभन यांच्या ‘हार्वेस्ट’ या इंग्रजी नाटकात मात्र आहे मुंबईतली एक खोली. १९९७ साली ग्रीसमधील ओनासिस पारितोषिक मिळवणाऱ्या या नाटकात त्यांनी पुढचे, म्हणजे २०१० सालचे मुंबई शहर कल्पिले आहे.

वीस वर्षांच्या ओमची कारकुनी सुटली आहे. घरी आई, बायको जया आणि धाकटा भाऊ जीतू. ओम एका कंपनीशी करार करतो : परदेशी श्रीमंताला लागतील तेव्हा आपले अवयव द्यायचे! आपल्याकडे अवयवविक्री १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. नाटकात ती राजरोस चालते.

मोबदल्यात घर वस्तूंनी भरते. जेवणाच्या गोळ्या येतात, घरातच संडास येतो, टीव्ही येतो. छताला टांगलेल्या यंत्रातून जिनी नावाची गोरी तरुणी गोड बोलत घरावर नजर ठेवते. आई तर शेवटी एका यंत्र-कोचात स्वतःला कोंडून घेते. खाणे, करमणूक, सारे आतच. मग एके दिवशी रखवालदार ओमऐवजी जीतूला नेतात. तो परततो तेव्हा त्याचे डोळे काढलेले असतात.

अखेरीस कळते की जिनी हे नुसते चित्र. खरे गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारा. त्याला जयाच्या पोटी मूल हवे, तेही समोर न येता, यंत्रामार्फत. जया दार लावून घेते. यायचे तर स्वतः ये, जबरदस्ती केलीस तर मी जीव देईन, असे बजावते. ती एकही यंत्र फोडत नाही. फक्त सौदा नाकारते. मला हेच खरे बंड वाटते.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे हप्त्यांवर फ्रीज आला. आईला रोज दोनदा भाजी आणायला जावे लागत नाही. हे सुख खोटे नाही. पण हप्त्यांसाठी वडील रविवारीही कामावर जातात. फ्रीज वाईट, असे मी म्हणणार नाही. ओमच्या घरच्यांनाही संडास हवाच होता. प्रश्न एवढाच, की किंमत कोण ठरवतो आणि ती कोणाच्या अंगातून वसूल होते?

जया एकोणीस वर्षांची आहे, माझ्याच वयाची. ‘नाही’ म्हणायला तिला नाटकाच्या शेवटापर्यंत वाट पाहावी लागली. आपण निदान सही करण्यापूर्वी कागद तरी वाचावा.