गर्दी टाळून डोंगरवाटेने : सहलीचे नियोजन कसे करावे?

पावसाळा सुरू झाला की माळशेज घाट, लोणावळा, भंडारदरा या परिसरांत शनिवार-रविवारी वाहनांच्या रांगा लागतात. धबधब्यापेक्षा मोटारींचेच दर्शन अधिक होते. ही केवळ गैरसोयीची बाब राहिलेली नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणानजीकच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला व चौघांना प्राण गमवावे लागले. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत. त्यामुळे गडकोटांकडील ओघ वाढत जाणार, हे उघड आहे.

अशा वेळी गजबजलेली स्थळे सोडून आडवाटेने जावे, असे अनेकांना वाटते. शाळांच्या सहलीही या दृष्टीने आखता येतील. मात्र गर्दीपासून दूर जाणे म्हणजे मदतीपासूनही दूर जाणे होय. नेहमीच्या ठिकाणी नियोजनातील उणीव इतरांच्या साहाय्याने भरून निघते. आडवाटेवर तिची किंमत स्वतःलाच मोजावी लागते. म्हणून अशा सहलीचा आरंभ घरी, नकाशासमोर बसून व्हावयास हवा.

गर्दी कोठे होते?

गर्दी प्रामुख्याने तीन गोष्टींवर अवलंबून असते : वार, वेळ आणि मोटाररस्ता. वाहन जेथे थांबते तेथून थोड्या अंतरावरच बहुसंख्य पर्यटक रेंगाळतात. त्यापुढे अर्धा तास चालावयाची तयारी असली, आठवड्याचा मधला दिवस निवडला व पहाटे निघाले, तर एरवी गजबजणाऱ्या तालुक्यातही निवांतपणा लाभतो. त्यासाठी दूरच्या प्रदेशात जाण्याची गरज नसते.

कोकण व देश यांना जोडणाऱ्या घाटवाटा या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहेत. मोटाररस्ते नव्हते तेव्हा याच वाटांवरून बैलांचे तांडे मालाची ने-आण करीत. नाणेघाट हे त्याचे ठळक उदाहरण. सातवाहन काळात सोपारा व कल्याण या बंदरांतील माल या खिंडीतून जुन्नरकडे जात असे. घाटमाथ्याजवळच्या लेण्यातील ब्राह्मी लिपीतील लेखात नागनिका राणीच्या काळातील यज्ञांची व दानांची नोंद आहे. माथ्यावरील दगडी रांजण जकातीसाठी होता, असे परंपरा सांगते. जुन्नरहून मोटाररस्ता थेट माथ्यापर्यंत जात असल्याने पावसाळ्यातील रविवारी तेथेही गर्दी उसळते. परंतु कल्याण–अहिल्यानगर मार्गावरील वैशाखरे गावाजवळून चढणारी मूळची पायवाट हिवाळ्यातील कामाच्या दिवशी बहुधा निवांत असते. इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकास यापेक्षा चांगला वर्ग मिळणे कठीण.

वेळेचे गणित

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे या कामी उपयुक्त ठरतात. त्यांवरील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा जेथे एकमेकींना चिकटून असतात तेथे कडा किंवा तीव्र चढ, व जेथे विरळ असतात तेथे सपाटी समजावी.

चालण्याच्या वेळेचा एक जुना ठोकताळा स्कॉटलंडमधील गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडला. दर पाच किलोमीटर अंतरास एक तास आणि दर ६०० मीटर चढास आणखी एक तास, असा तो आहे. वाट पाच किलोमीटरची व चढ ६०० मीटरचा असेल, तर सवयीच्या माणसास दोन तास लागतील. विद्यार्थ्यांच्या तुकडीसाठी ही वेळ दुप्पट, म्हणजे चार तास, धरणे शहाणपणाचे. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो व पाय घसरतात. म्हणून उतरणीसही तितकाच वेळ राखून ठेवावा.

सकाळी सात वाजता निघालेली तुकडी अकराला माथ्यावर पोहोचेल. दीड तास विश्रांती व पाहणी करून साडेबाराला निघाल्यास साडेचारला पायथा गाठेल. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. अर्थात हाती दीड तासाची शिल्लक राहते. यावरून परतीची मर्यादाही ठरते. तुकडी वाटेतच रखडली असेल, तर साडेबाराला, ती जेथे असेल तेथून, तिने मागे फिरावे. साडेपाच तास चढण्यात गेले असतील तर उतरण्यातही तितकेच जातील व सहा वाजतील. ही वेळ निघण्यापूर्वीच सर्वांना सांगावी. माथा पंधरा मिनिटांवर दिसत असता मागे फिरणे कोणासही रुचत नाही. आधी ठरलेले असले तरच ते घडते.

ऋतू व धोके

अपरिचित वाटेसाठी ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात ओढे काही मिनिटांत फुगतात, धुक्यात वाट दिसेनाशी होते व कातळ शेवाळाने निसरडा होतो. वाहता ओढा गुडघ्यापर्यंत आला असेल तर तो ओलांडू नये. पाणी उतरण्याची वाट पाहावी. उन्हाळ्यात पाणवठे आटतात आणि वाळलेल्या गवतास वणवा लागण्याचे भय असते. तमिळनाडूतील तेणी जिल्ह्यात कुरंगणी येथे मार्च २०१८ मध्ये पदभ्रमणास गेलेले वीसहून अधिक जण वणव्यात दगावले, हे विसरता येत नाही.

कड्यांवर आग्या मोहोळाची पोळी असतात. धूर, उग्र सुगंधी द्रव्ये व आरडाओरड यांनी माश्या खवळतात. म्हणून तिन्ही टाळावीत. सर्पदंश झाल्यास जखम कापणे किंवा रक्त चोखणे हे उपाय घातक आहेत. रुग्णास धीर देऊन, दंश झालेला अवयव फार न हलविता, शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यावे. विजा कडाडू लागल्यास उघडी धार व एकटे झाड सोडून खाली उतरावे.

प्रत्येकाजवळ किमान तीन लिटर पाणी, विजेरी, शिटी व प्रथमोपचाराचे साहित्य असावे. दूरध्वनीचा संपर्क घाटात वारंवार तुटतो. त्यावर विसंबून राहू नये. मार्ग, सहभागी व्यक्तींची नावे आणि परतण्याची वेळ लिहिलेला कागद पायथ्याच्या गावात व घरी अशा दोन ठिकाणी ठेवावा. ठरल्या वेळेनंतर किती तासांनी शोध सुरू करावा, हेही त्यात नमूद असावे. आणीबाणीत ११२ या क्रमांकावर मदत मागता येते.

परवानगी आणि मर्यादा

सह्याद्रीतील अनेक वाटा अभयारण्यांतून जातात. भीमाशंकर आणि कळसूबाई–हरिश्चंद्रगड ही त्यांतील परिचित नावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यातील प्रवेशास परवानगी आवश्यक असते. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही स्थळांवर मनाई आदेश काढते. त्यांची चौकशी आधी करावी. आयोजकामार्फत जावयाचे असल्यास, राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्याची नोंदणी झाली आहे काय, हे पाहावे.

आडवाट म्हणजे वाहन कोठेही घालण्याची मुभा नव्हे. कातळसडे वरवर ओसाड दिसतात. पण त्यांवरील मातीच्या पातळ थरात पावसाळ्यात असंख्य लहान वनस्पती उगवतात. त्यांवरून एकदा गेलेल्या चाकांच्या खुणा दीर्घकाळ राहतात. कास पठारावर कुंपण, प्रवेशशुल्क व पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आणण्याची वेळ आली, ती गर्दीच्या पायांमुळेच. वाहन गावात ठेवावे व पुढे पायी जावे, हाच नियम योग्य होय.

ग्रामपंचायतीचे कार्य

वाटेची खरी माहिती गावकऱ्यांजवळ असते. कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, दरड कोठे कोसळली, कोणती पायवाट केवळ गुरांची आहे, हे नकाशा सांगत नाही. म्हणून स्थानिक वाटाड्या घेणे हितावह. त्यास योग्य मोबदला द्यावा व जेवणाची सोय गावातच, आगाऊ कळवून करावी. पर्यटनाचा लाभ गावापर्यंत पोहोचण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग आहे.

ग्रामपंचायतींनाही यात बरेच करता येईल. वाहने उभी करण्याची जागा ठरविणे, गावाच्या वेशीवर येणाऱ्यांची नोंदवही ठेवणे, धोक्याच्या जागी ठळक फलक लावणे, आणलेला कचरा परत नेण्याची सक्ती करणे, या कामांस मोठा खर्च येत नाही. नोंदवहीचे महत्त्व विशेष. संध्याकाळी ती चाळली म्हणजे कोण परतले नाही हे त्याच दिवशी कळते, आणि शोध दुसऱ्या दिवसावर पडत नाही.

एका स्थळावरील भार कमी करताना तो दुसऱ्या लहानशा गावावर लोटला जाणार नाही, ही दक्षताही घ्यावयास हवी. तुकडी लहान असावी, ओढ्याचे पाणी घाण होऊ नये, देवराईत शांतता राखावी. शेकडो वर्षे या वाटांनी माणसे, गुरे व धान्य सुखरूप पार केले, कारण त्यांवरून जाणारे लोक डोंगराचा वकूब ओळखून चालत. आजच्या प्रवाशाने ती जाण ठेवली, तर गर्दी टाळण्याचा हेतू साधेल आणि वाटाही पुढील पिढीसाठी शाबूत राहतील.