जुन्या घराची दुरुस्ती आणि घरावरची दोन नावे

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. जुने घर दुरुस्त करून पाहावे, असे मात्र कोणी म्हणत नाही. नव्या घराचा हिशेब कागदावर आधी मांडता येतो. जुन्या घराचे तसे नाही. एक कौल काढावे तर खालचा वासा कुजलेला निघतो आणि वासा काढावा तर भिंतीची माती ढासळू लागते. म्हणून पुष्कळ मंडळी 'पाडा आणि स्लॅब टाका' हा सोपा मार्ग पत्करतात. किकवी येथील आमचे वडिलोपार्जित घर आम्ही उभयतांनी तीन वर्षांत, जसजसा पैसा हाती आला तसतसे दुरुस्त करून राहते केले. त्या कामी जे समजले ते समाजबांधवांच्या, आणि बांधकामाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थी मित्रांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

किकवी हे भोर तालुक्यातील गाव पुणे-सातारा महामार्गावर कापूरव्होळ आणि सारोळा यांच्या दरम्यान आहे. वेल्ह्याच्या डोंगरात पडतो तेवढा पाऊस इकडे पडत नाही, पण भिंती मुरवायला जेवढा लागतो तेवढा नक्कीच पडतो. या पट्ट्यातली जुनी घरे बहुधा एकाच घडणीची असतात. काळ्या दगडाचे जोते, त्यावर दीड-दोन फूट जाडीची दगडमातीची भिंत, वरच्या भागात भेंड्यांचे, म्हणजे कच्च्या विटांचे काम, लाकडी खांब व तुळया, आणि कौलारू छप्पर. पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे पडवी. आमचे घर तीन खणांचे. नोकरी मुंबईत असल्यामुळे ते पंधरा वर्षे कुलपात होते. बंद घर राहत्या घरापेक्षा लवकर खचते. त्याचे एक कारण आम्हांला काम सुरू केल्यावर दिसले. चुलीच्या वरचे वासे सर्वांत धड होते. रोजच्या धुरामुळे लाकडाला कीड कमी लागते. चूल विझली की वाळवीला मोकळे रान मिळते.

दुरुस्तीचा पहिला नियम असा की पाण्याची वाट आधी बदलावी आणि बाकी सर्व नंतर. आम्ही एक संपूर्ण पावसाळा फक्त पाहण्यात घालवला. कोठे गळते, वळचणीचे पाणी जोत्याला लागते का, मागच्या बाजूचे उताराचे पाणी भिंतीशी तुंबते का, याची खडूने खूण केली. गावकऱ्यांना हे वेडेपणाचे वाटले, पण त्या खुणांनीच पुढे पैसा वाचवला. मातीची भिंत पावसाने वरून भिजते तशीच ती जमिनीतली ओल खालून शोषून घेते. त्यामुळे जोत्यापासून पाणी दूर नेणारा उताराचा चर, पुढे आलेली वळचण आणि पन्हळ, या तीन गोष्टी रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाच्या आहेत. मागे साचलेली माती आम्ही जोत्याच्या खाली उतरेपर्यंत काढली आणि एका वर्षात माजघराच्या भिंतीचा ओलावा निम्म्यावर आला.

स्लॅबबद्दल येथे थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण सल्ला देणारे सगळे तोच देतात. मंगलोरी कौलांचे छप्पर रिपांसह दर चौरस मीटरला सुमारे ६५ किलो भरते. पाच इंची काँक्रीटच्या स्लॅबचे वजन तेवढ्याच जागेवर ३०० किलोंच्या वर जाते. म्हणजे जुन्या भिंतीवर जवळपास पाचपट ओझे आले. दगडमातीची भिंत ते सरळ उभे असताना कदाचित पेलेलही. पण जमीन हलली तर काय, हा खरा प्रश्न आहे.

तो प्रश्न आपल्याला परका नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या दक्षिणेला फार दूर झालेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात जी हजारो माणसे दगावली, ती बहुतांशी आपल्यासारख्याच दगडमातीच्या घरांत झोपलेली होती. तेथील धाब्याच्या छपरांवर मातीचा जाड थर होता आणि भिंतींचे आतले-बाहेरचे दगड एकमेकांना बांधलेले नव्हते. जाड भिंत बाहेरून एकसंध दिसते. वस्तुत: त्या दोन पातळ भिंती असतात आणि मध्ये मातीदगडांचा भराव. धक्का बसला की दोन्ही पदर सुटतात. भिंतीचे पोट सुटले असे गवंडी म्हणतो तेव्हा हेच चालू झालेले असते.

उपाय जुनाच आहे. भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पोहोचणारे लांब दगड मधूनमधून असावेत. १९९३ च्या भारतीय मानकात उंचीला दर ६० सेंटिमीटरवर आणि लांबीला जास्तीत जास्त १.२ मीटरवर असा एक दगड हवा असे सांगितले आहे. उभ्या भिंतीत नवे दगड घालता येत नसतील तर किल्लारीनंतर वापरलेली पद्धत उपयोगी पडते. हलक्या हाताने दगड काढून आरपार भोक करावयाचे, त्यात दोन्ही टोके वाकवलेली सळई ठेवावयाची आणि भोक काँक्रीटने भरावयाचे. हातोड्याचे जोरदार घाव घालू नयेत. आम्ही अशी बावीस भोके केली. जेथे पोट फार सुटले होते तेथे छपराला टेकू देऊन एका वेळी तीन फुटांपेक्षा जास्त भिंत उकलू दिली नाही.

किल्लारीची आणखी एक आठवण या विषयाला धरूनच आहे. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत नव्या वसाहतींबरोबरच जुन्या घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला 'संवाद सहायक' झाल्या. अनुदान कशासाठी आहे, गवंड्याने कोणते काम केले पाहिजे, हे त्यांनी घरोघर समजावून दिले. घरातला बहुतेक वेळ जिचा जातो तिलाच दुरुस्तीच्या कामात विचारीत नाहीत, ही आपल्याकडची रीत तेथे काही प्रमाणात तरी मोडली.

आमच्या घरातही यावरून वाद झाले. एकाचे मन ओसरीच्या नक्षीदार खांबांत गुंतलेले, तर दुसऱ्याचे म्हणणे असे की पाहुणे ओसरीवर बसतात तासभर, स्वयंपाकघरात मात्र उभे राहायचे आयुष्यभर. शेवटी मागच्या पडवीला खिडकी पाडणे, न्हाणीचे पाणी बाहेर काढणे आणि संडास बांधणे ही कामे आधी झाली. खांब तिसऱ्या वर्षी उजळले. खिडकी पाडताना ती कोपऱ्यापासून दोन-तीन फूट सोडून घ्यावी. कोपरा कमजोर झाला की भिंत उघडते.

गिलाव्याबाबत आमचे मत ठाम आहे. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. सिमेंट मातीला धरत नाही आणि आतली ओल बाहेर पडू देत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात आणि मागची भिंत भुसभुशीत झालेली आढळते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो. कळीचा चुना पाण्यात विरवावा (तो उकळतो, डोळे सांभाळावेत), निदान पंधरा दिवस भिजत ठेवावा, गाळून घ्यावा आणि एकास तीन या प्रमाणात वाळू मिसळावी. थोडी विटांची भुकटी घातल्यास ओलीच्या जागी तो लवकर पकड घेतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, तेव्हा गवंड्याने घाई केली तरी आपण करू नये. आपल्याच तालुक्यातील भाटघरचे धरण चुन्यात बांधलेले आहे, एवढे सांगितले की कच्चेपणाची शंका घेणारे गप्प बसतात.

लाकडाची परीक्षा सोपी आहे. हातोडीच्या दांड्याने ठोकावे. पोकळ आवाज आला तर टोच्या घालून पाहावे. भिंतीत गेलेले तुळईचे टोक हमखास तपासावे, कारण ते सर्वांत आधी कुजते. जुनी कौले बोटाने वाजवून निवडावीत, खणखणीत वाजणारे ठेवावे. विजेची जुनी तार मात्र एकही ठेवू नये.

आता कागदपत्रांकडे वळतो, कारण खर्च दोघांचा आणि घर आजोबांच्या नावावर, अशी आमची स्थिती होती. एकाचा प्रॉव्हिडंट फंड लागला, दुसरीने बचत गटाचे कर्ज काढले. वही एकच होती, पण कर आकारणीच्या नमुना ८ मध्ये या दुसरीचे नाव कोठेच नव्हते. अर्ज व संमतीपत्र देऊन ग्रामपंचायतीत पत्नीचे नाव लावून घेता येते आणि ते जरूर लावावे. परंतु नमुना ८ ही कराची नोंद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. गावठाणातील घरांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम महाराष्ट्रात शेजारच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथून प्रयोग म्हणून सुरू झाले. २०२० साली केंद्राची स्वामित्व योजना आली. ज्यांच्या गावी पत्रिका तयार होत असेल त्यांनी चौकशीच्या वेळी हजर राहावे.

वडिलोपार्जित घरात बहिणींचाही हक्क असतो. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. पूर्वी त्याच्या कलम २३ मुळे राहत्या घराची वाटणी मुलींना स्वत:हून मागता येत नव्हती. २००५ च्या दुरुस्तीने ते कलम गेले आणि मुलगी मुलाप्रमाणेच सहदायाद झाली. त्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. तरीही दुरुस्तीचे निमित्त करून बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची पद्धत सर्वत्र दिसते. आम्ही ती मागितली नाही. नोंदणीकृत वाटणीपत्र केले, त्यात तीनपैकी एक खण बहिणीला आला. आपल्या वाटणीच्या दोन खणांतला निम्मा हिस्सा पतीने पत्नीला नोंदणीकृत बक्षीसपत्राने दिला. राहते घर पत्नीला बक्षीस देताना महाराष्ट्रात २०१५ पासून मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे; स्थानिक अधिभार व इतर खर्च वेगळा, तो दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावा. वाटणी न झालेल्या घराचे बक्षीसपत्र परस्पर करू नये, ते टिकत नाही.

ज्यांचे घर कच्चे आहे आणि दुरुस्तीच्या पलीकडे गेले आहे, त्या अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे. तिच्या अटी व रक्कम वेळोवेळी बदलतात. पंचायत समितीत ताजी माहिती मिळते.

भिंती वेगळ्या नावांच्या झाल्या तरी छप्पर एकच राहिले. बहिणीच्या खणाची कौलेही त्याच वेळी चढवली आणि त्याचा खर्च वहीत वेगळ्या पानावर लिहिला. मृग लागण्यापूर्वी दरसाल शाकारणी करावी लागते, फुटकी कौले बदलावी लागतात, पन्हळीतला पाचोळा काढावा लागतो. यंदा पन्नासेक कौले जास्तीची आणून माळ्यावर ठेवली आहेत.